येत्स्केच्या खिशातली वाटाण्याची पिशवी

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मला शिजवायला घेऊ नका. माझ्या पोटात सुके वाटाणे आहेत हे खरं, पण ते सूपसाठी नाहीत. मी एक जुनी वाटाण्याची पिशवी आहे. तळहातावर मावेन एवढी, लाल जाड कापडाची, चारही बाजूंनी दुहेरी शिवण घातलेली. माझा जन्म फेकलं जाण्यासाठी झाला आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. फेकणं वेगळं आणि फेकून देणं वेगळं. फेकून देतात तो कचरा. मला नेम धरून फेकतात.

रॉटरडॅमच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या शिवणखोलीत मी जन्मले. तिथल्या बाईंनी जुन्या पडद्याचा तुकडा कापला, मूठभर वाटाणे भरले, वजन काट्यावर अगदी काटेकोर करून घेतलं आणि माझ्या पाठीवर काळा शिक्का मारला : ‘चाचणी संच तीन. बाहेर नेऊ नये.’ हा शिक्का लक्षात ठेवायची गरज नाही. तो आपणहून मध्ये येईल आणि माझी अब्रू काढेल.

मला वरच्या मजल्यावर एका उजेडाच्या खोलीत पाठवलं. तिथे हान्नेकेताई होती. उंच, लांब हातांची, मोठ्यांदा हसणारी. मुलांना चालायला, उड्या मारायला, चेंडू झेलायला लावायचं आणि ती कशी वाढताहेत ते बघायचं, हे तिचं काम. मूल एका चटईवर उभं राहायचं. समोरच्या चटईवर एक गोल काढलेला असायचा. मला दहा वेळा त्या गोलात टाकायचं. गोलात पडले की हान्नेकेताई कागदावर खूण करायची. बाहेर पडले तर काही बोलायची नाही, फक्त मला उचलून परत द्यायची. माझ्यावाचून तिचं पान हलत नसे. हे मी फुशारकी मारून नाही, जे होतं तेच सांगतेय.

त्या खोलीत येणारी मुलं जन्मतः फार आजारी पडलेली असत. कोणाची फुप्फुसं पहिल्याच दिवशी रुसून बसलेली, कोणाच्या छाती आणि पोटामधल्या पडद्याला जन्मापासून भोक. मग काही दिवस एक यंत्र फुप्फुसांचं काम करायचं. मानेतल्या शिरेतून रक्त बाहेर घ्यायचं, त्यात प्राणवायू मिसळायचा, परत अंगात सोडायचं. तोवर फुप्फुसांना आराम. बाळ बरं झालं की नळ्या निघायच्या आणि मानेवर उजव्या बाजूला एक छोटी रेघ उरायची. लोकांना वाटतं, वाचलं बाळ, संपली गोष्ट. हान्नेकेताईला तसं वाटत नसे. ती या मुलांना दोन वर्षांची झाली की बोलवायची, पाचव्या वर्षी बोलवायची, आठव्या, बाराव्या आणि शेवटी सतराव्या वर्षी. काही मुलं धडधाकट, काही अडखळणारी, आणि सगळी एकजात वात्रट. एकाने मला थेट दिव्यावर मारलं. एकीने मला डॉक्टरांच्या कॉफीत टाकलं. डॉक्टर म्हणाले, “नेम तर उत्तम आहे,” आणि हान्नेकेताईने खूण केली. माझा आठवडाभर कॉफीचा वास गेला नाही.

येत्स्केला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. पिवळा रेनकोट, गुडघ्यापर्यंतचे बूट, पुढचा एक दात हलणारा. बरोबर आई होती, मार्लूस. ती जवळच्या डेल्फ्ट गावात सायकलवरून टपाल वाटते. येत्स्केचे बाबा समुद्रातला गाळ काढणाऱ्या जहाजावर काम करतात, त्यामुळे सहा-सहा आठवडे घरी नसतात.

जन्माच्या आधीच येत्स्केने आईच्या पोटात शी केली आणि पहिल्याच श्वासाबरोबर ती आत ओढून घेतली. हसू नका. बरं, हसा, ती स्वतःही हसते. पण तेव्हा कोणी हसत नव्हतं. सहा दिवस ती यंत्रावर होती आणि मार्लूस सहा दिवस खुर्चीत. हे सगळं हान्नेकेताईच्या कागदात लिहिलेलं होतं. मार्लूस स्वतः त्यातलं एक अक्षर काढत नसे.

त्या दिवशी येत्स्केने मला दहापैकी सात वेळा गोलात टाकलं. एका पायावर उभी राहिली, मणी ओवले, कोडी सोडवली, गाणं म्हटलं. सगळं झकास.

“झालं ना मग?” मार्लूसने विचारलं. “सुटलो आम्ही?”

“आजचं सगळं छान आहे,” हान्नेकेताई म्हणाली. “पण आठव्या वर्षी नक्की या. काही अडचणी शाळा जड व्हायला लागली की मग डोकं वर काढतात. आत्ता त्या दिसत नाहीत.”

“हो हो,” मार्लूस म्हणाली आणि तिने येत्स्केच्या रेनकोटची चेन ओढली. मी बघत होते ना! ‘छान’पर्यंतच तिने ऐकलं. पुढचं तिच्या कानात शिरलंच नाही.

तेवढ्यात येत्स्केने मला उचललं आणि तोंडाजवळ नेऊन कुजबुजली, “दमलीस ना तू? किती आपटतात तुला. चल, आमच्या घरी.” आणि मी खिशात! चोरी म्हणायची का याला? मी नाही म्हणणार. इतक्या दिवसांत मला कोणी दमलीस का म्हणून विचारलं नव्हतं.

तर मित्रांनो, मी डेल्फ्टची झाले. कालव्याकाठचं अरुंद घर, तीन जिने, खिडकीत कुंड्या. मी बाहुलीची गादी झाले, दरवाजाची टेकण झाले, बुधवारी दुपारी शाळा सुटल्यावर सांभाळायला येणाऱ्या आजोबांची उशी झाले. आजोबांचं नाव आडरी. मार्लूसचे वडील. बोलण्याचा आवाज असा की पलीकडच्या काठावरची बदकं उडतात. त्या घरात माझी मजा होती, आणि थोडी हेळसांडही होती, ते पुढे येईलच.

आता एक गोष्ट सांगते ती नीट ऐका. आमच्या देशात स्वतःचं काही वेगळं आहे असं मिरवणं म्हणजे फार वाईट. आजारपण असो की पराक्रम, चारचौघांसारखं राहायचं, बाऊ करायचा नाही. मार्लूस तर या बाबतीत कट्टर. शाळेचा फॉर्म आला. त्यात शेवटी प्रश्न होता : मुलाबद्दल आम्हाला काही माहीत असायला हवं का? मार्लूसने लिहिलं, “विशेष काही नाही.” पोहण्याच्या वर्गाच्या फॉर्मवरही तेच. लेकीकडे कोणी ‘ती यंत्रावरची मुलगी’ म्हणून बघू नये एवढंच तिला हवं होतं. मी फॉर्मच्या शेजारीच पडले होते. मला तोंड असतं तर तिथेच ओरडले असते. पण वाटाण्यांना कुठलं तोंड!

पहिली दोन वर्षं निभावलं. मग गंमत कमी व्हायला लागली. मार्लूस सांगायची, “येत्स्के, वर जा, निळा स्वेटर घे, खिडकी लाव आणि येताना माझा चष्मा आण.” येत्स्के उत्साहाने धावायची आणि वर जाऊन उभी राहायची. स्वेटर हातात, आणि पुढे काय ते गायब. खाली यायची ती स्वेटर घालून, खिडकी सताड उघडी.

“ऐकतच नाहीस तू!” मार्लूस म्हणायची.

“एका कानाने घेते आणि दुसऱ्याने हवेत सोडते,” आजोबा म्हणायचे. “अगदी तुझ्यासारखी, मार्लूस.”

“बाबा, तुम्ही गप्प बसा.”

पण खरी पंचाईत झाली पोहण्याच्या तलावावर. आमच्या गावात जिकडे तिकडे पाणी. म्हणून प्रत्येक मुलाने पोहण्याची पहिली परीक्षा द्यायची, आणि तीही कपडे-बूट घालून, कारण कालव्यात कोणी पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही. ती पास झाल्याशिवाय कोणी तुम्हाला पाण्याच्या कडेला एकटं सोडत नाही. येत्स्केच्या गल्लीतली सगळी पोरं सहा-सात वर्षांची असतानाच पास झाली होती. ती छोट्या होडीतून कालव्यात हिंडायची. येत्स्के आठ वर्षांची झाली तरी काठावर. होडीत बसायचंच असेल तर दंडाला नारिंगी फुगे बांधून. आठ वर्षांच्या मुलीला फुगे! मैत्रीण फेना म्हणायची, “आली बघा आमची बदकीण.” फेना वाईट नव्हती, पण शब्द लागायचा.

मी तेव्हा पोहण्याच्या बॅगेत राहायला आले होते. ओला टॉवेल, ओला पोशाख आणि मी. तिथून मला सगळं दिसायचं. पोहणं शिकवायचे सीपसर. दांडगा माणूस, मोठ्या मिशा, पायात रबरी चपला. ते काठावरून एका दमात सांगायचे, “उडी मार, जागच्या जागी पाय हलव, दोरीखालून जा, उताणी हो, तशीच परत ये, आणि आपली आपण वर चढ!” येत्स्के उडी मारायची. पाय हलवायची. आणि मग थांबायची. इकडे बघायची, तिकडे बघायची, शेवटी चढून बाहेर यायची. मधलं सगळं पाण्यात विरघळलेलं.

“लक्ष कुठे असतं गं तुझं?” सीपसर ओरडायचे. “हातपाय सुरेख चालतात, फक्त डोकं घरी ठेवून येतेस!”

दोनदा परीक्षा दिली, दोनदा नापास. दुसऱ्या वेळी सीपसर मार्लूसला म्हणाले, “जूनमध्ये तिसरी परीक्षा आहे. तेव्हाही असंच झालं तर मला तिला लहान मुलांच्या गटात परत पाठवावं लागेल. पाच वर्षांच्या.” येत्स्केने ते ऐकलं. कपडे बदलायच्या खोलीत तिने मला बॅगेतून काढलं आणि डोळ्यांवर धरलं. “मी ऐकते गं,” ती म्हणाली, “खरंच ऐकते. पण ते राहतच नाही. ते कुठे जातं तेच मला कळत नाही.” मी भिजले. ते पाणी तलावाचं नव्हतं. जगात फक्त मला ठाऊक होतं की ही पोर खोटं बोलत नाही, आणि मला कोणाला सांगता येत नव्हतं. इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

त्याच सुमारास रुग्णालयाचं पत्र आलं. आठव्या वर्षाची तपासणी. मार्लूसने उभ्या उभ्या वाचलं.

“काही गरज नाही,” ती आजोबांना म्हणाली. “ठणठणीत आहे पोरगी. आधीच शाळेत मागे पडतेय, आणखी एक दिवस बुडवू? आणि परत ती खोली, ते कागद... नको.” आणि पत्र रद्दीच्या खोक्यात.

इकडे माझ्या पोटात काहीतरी भलतंच चाललं होतं. महिनोन् महिने ओल्या बॅगेत कोंबल्यावर वाटाण्याने काय करावं? माझा एक वाटाणा उगवला! कोपऱ्यातली शिवण उसवून हिरवा कोंब बाहेर आला. वासाबद्दल मी बोलणार नाही, मलाही थोडी लाज आहे.

बुधवारी मार्लूसने बॅग धुवायला रिकामी केली आणि किंचाळली, “ई! हे काय जिवंत आहे?” मला दोन बोटांत धरून तिने उलटं केलं. शिक्का अजून शाबूत होता. ‘चाचणी संच तीन. बाहेर नेऊ नये.’ मार्लूस कानापर्यंत लाल झाली.

“येत्स्के! ही रुग्णालयाची आहे?”

“ती दमली होती,” येत्स्के म्हणाली.

आजोबांना हसून हसून ठसका लागला. “तीन वर्षं! सरळ मार्गाने चालणाऱ्या टपालवालीच्या घरात तीन वर्षं चोरीचा माल! आणि त्याला कोंबही फुटलाय!”

“उद्याच पाठवते टपालाने.”

“पाठव की. टपालात भिजलं की रॉटरडॅमला सूपच पोहोचेल.”

दुसऱ्याची वस्तू घरात राहिली म्हणजे मार्लूसला जेवण जात नाही. ती पाच मिनिटं येरझाऱ्या घालत राहिली. मग म्हणाली, “स्वतः नेऊन द्यायला हवी. माफीही मागायला हवी.” आणि मग रद्दीच्या खोक्यात हात घालून म्हणाली, “जायचंच आहे तर मग तपासणीही उरकून घेऊ.” मित्रांनो, जन्मभर मी कितीतरी वेळा नेमक्या जागी पडले असेन, पण त्या दिवसासारखी कधीच नाही.

हान्नेकेताईने मला पाहिलं आणि खोली दणाणून जाईल अशी हसली. “अगं, तुला मी कपाटाच्या मागे शोधलं!” माझ्या जागी एक कारखान्यातली निळी पिशवी आली होती. गुळगुळीत, बिनशिवणीची, चेहऱ्यावर काही भाव नाही. मला वाटलं, आता चाचणीला मलाच घेतील. पण हान्नेकेताईने मला काट्यावर ठेवलं आणि मान हलवली. कोंब फुटल्यामुळे माझं वजन चुकलं होतं. निळीलाच घेतलं. मी खिडकीत बसून बघत राहिले आणि जळफळले.

येत्स्केचा नेम चांगला पडला. धावण्याच्या चाचणीत मात्र ती तिच्या वयाच्या मुलांपेक्षा लवकर धापा टाकू लागली. हान्नेकेताई म्हणाली, “फुप्फुसांनी लहानपणी फार सोसलंय. पोहणं सोडू नकोस, त्यानेच दम वाढेल.” मग शेजारच्या मानसतज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी येत्स्केपुढे एक किचकट आकृती ठेवली. मोठा चौकोन, त्यात तिरप्या रेघा, कोपऱ्यात गोल, बाजूला त्रिकोणाचं शेपूट. येत्स्केने जीभ बाहेर काढून ती बघून बघून हुबेहूब काढली. अर्धा तास दुसरे खेळ झाले. मग बाईंनी कोरा कागद दिला. “आता तीच आकृती आठवून काढ.”

येत्स्केने पेन्सिल धरली. पुष्कळ वेळ धरली.

शेवटी मार्लूसला आत बोलावून बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. एकावर सुरेख नक्षी. दुसऱ्यावर एक वाकडा चौकोन आणि एक गोल, आणि गोलही चौकोनाच्या बाहेर.

“हुशारीत काहीच कमी नाही,” बाई म्हणाल्या. “तिला ऐकू येतं, दिसतं, कळतं. पण ठेवलेलं परत सापडत नाही. यंत्रावर राहिलेल्या काही मुलांमध्ये आम्हाला हे दिसतं, आणि दिसतं ते याच वयात. पाचव्या वर्षी एवढं लक्षात ठेवावंच लागत नाही ना.”

मार्लूस त्या कागदांकडे बघत राहिली. “मी तिला रोज म्हणते,” ती म्हणाली, “ऐकत नाहीस म्हणून. रोज.”

“मी तर सांगत होते की मी ऐकते,” येत्स्के म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. उलट सुटल्यासारखी ती खुर्चीत पाय हलवत होती. मार्लूसने तिला जवळ ओढलं आणि तिच्या मानेवरच्या रेघेवर ओठ टेकले, आणि रडली, चांगली भोकाड पसरून रडली. एरवी डोळ्यांत पाणी आलं तर कांदा चिरतेय म्हणणारी बाई!

“शाळेत, तलावावर सांगितलंय का हे जन्माचं?” हान्नेकेताईने विचारलं.

“लिहिलंय. विशेष काही नाही, असं लिहिलंय.”

“म्हणून तर मी आठव्या वर्षी बोलावते,” हान्नेकेताई म्हणाली, आणि नाक पुसायला कागदी रुमाल दिला.

यावर औषध नाही, पण युक्त्या आहेत, असं बाईंनी सांगितलं. एका वेळी एक गोष्ट सांगायची. लिहायची, चित्र काढायचं, हातापायांनी करून बघायची. आणि आठवत नसेल तर न लाजता विचारायचं. हे शेवटचं सगळ्यांत अवघड, त्या म्हणाल्या. जाताना मार्लूसने मला दोन्ही हातांनी पुढे केलं आणि माफी मागितली. हान्नेकेताईने मला उसवून नवे वाटाणे भरले, पक्के टाके घातले आणि शिक्क्याखाली पेनाने लिहिलं : ‘येत्स्केकडे, परवानगीने.’ “संचाला निळी आहे,” ती म्हणाली. “हिची खरी नोकरी तुमच्याकडे.” निळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, हे फार बरं केलं.

घरी परतल्यावर याद्यांचं राज्य सुरू झालं. सर्वांत मोठी यादी पोहण्याची, पाच चित्रांची, आणि ती लावली संडासात, आमच्याकडे घरोघरी तिथेच टांगलेल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरशेजारी. दुसरीकडे कुठे लावणार? तिथे माणूस निवांत असतो. आठवड्याभरात आजोबांना पूर्ण पाठ झाली. आतून आवाज यायचा, “उडी! पाय! दोरी! उताणी! वर!”

“आजोबा, बाहेर या, माझी पाळी आहे!”

“थांब, अजून दोरीखाली आहे मी!”

यादी झाली, पण सीपसरांना सांगायचं बाकी होतं. मार्लूस तलावाच्या दारात तीनदा सायकलचं कुलूप उघडबंद करत राहिली. मग आत गेली आणि सगळं सांगून टाकलं. सहा दिवस, यंत्र, आकृती, सगळं. सीपसरांच्या मिशा खाली आल्या.

“आधी का नाही सांगितलंत?”

“उगाच बाऊ नको म्हणून.”

“बाऊ? अहो, मी दीड वर्ष त्या पोरीवर ओरडतोय! रोज घरी जाऊन सुखाने जेवतोय!” त्यांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, “परीक्षेत सूचना सगळ्यांना एकदमच देतात, ते मला बदलता येत नाही. पण तिची चित्रं फळ्यावर लावून समोर ठेवतो. परीक्षा पोहण्याची आहे, पाठांतराची नाही.”

जूनमधला तो शनिवार. तलावाच्या कडेला आया, बाबा, आज्या, सगळे फरशी खराब होऊ नये म्हणून बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून उभे. हातात फुलं, फोन, कॅमेरे. मी आजोबांच्या मुठीत होते. पाण्यापलीकडे, भिंतीवरच्या घड्याळाखाली, पाच चित्रांचा पांढरा फळा. बारा मुलं काठावर रांगेत, टी-शर्ट, चड्डी, बूट. अकरा लहान आणि मधोमध एक उंच येत्स्के.

शिट्टी झाली. सीपसरांनी सूचना दिल्या. धबाधब उड्या पडल्या. येत्स्के वर आली, पाय हलवू लागली, सुरेख हलवू लागली. पंधरा सेकंद झाले. बाकीची मुलं दोरीकडे निघाली. येत्स्के थांबली.

ती जागच्या जागी पाय मारत राहिली आणि मान इकडे तिकडे करू लागली. तसंच, अगदी पूर्वीसारखं. आजोबांनी मला इतकं आवळलं की माझे टाके कुरकुरले. “फळा बघ,” ते तोंडातल्या तोंडात पुटपुटले, “फळा बघ की गं.” आणि मग आम्हाला दिसलं. फळ्यासमोर एक धिप्पाड गृहस्थ उभे होते. आपल्या मुलाचा फोटो काढत होते. फळा अख्खा त्यांच्या पाठीमागे.

येत्स्केला धाप लागायला लागली होती. हनुवटी पाण्याला टेकत होती. अकरा मुलं दोरीखालून पार झाली. कोणाची तरी आई हळूच ‘अरेरे’ म्हणाली. मला वाटलं, संपलं. आता ही चढून बाहेर येणार आणि पाच वर्षांच्या मुलांत जाऊन बसणार. सीपसर फळ्याकडे धावायला निघाले, तेवढ्यात पाण्यातून आवाज आला. आजोबांची नात होती ती, आवाज तलावभर घुमला.

“अहो काका! बाजूला व्हा ना! माझी यादी दिसत नाहीये!”

गृहस्थांनी आधी मागे पाहिलं, मग पुढे. “कोण, मी?”

“हो, तुम्हीच! मी बाळ असताना यंत्रावर होते, माझ्या डोक्यात राहत नाही! मला फळा बघावा लागतो!”

मी मार्लूसकडे पाहिलं. चार लोकांत आवाज न चढवणारी, फॉर्मवर ‘विशेष काही नाही’ लिहिणारी मार्लूस. ती लाल झाली होती. तिने हातातली फुलं आजोबांच्या अंगावर टाकली, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि ओरडली, “ऐकलंत ना? व्हा की बाजूला! माझी मुलगी आहे ती!”

ते गृहस्थ असे काही बाजूला झाले की पायातल्या प्लॅस्टिकवरून घसरून बाकावर बसले. येत्स्केने फळा पाहिला. दोरीखालून गेली. उताणी झाली, छताकडे बघत चार मोठे श्वास घेतले, उताणीच पाय मारत परत आली. सगळ्यांत शेवटी आली. बुटांतून पाणी गळत, आपली आपण वर चढली. सीपसरांनी शिट्टीऐवजी टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. पुढे नुसत्या पोहण्याच्या पोशाखात पोहायचं होतं, तेही झालं. दर वेळी फळ्यासमोरून लोक आपणहून सरकत होते. आणि येत्स्के पास झाली!

मित्रांनो, माझी गोष्ट इथे सांगायचं कारण एकच. तुमच्या वर्गात अशी कोणी येत्स्के असेल. धडधाकट दिसेल, हसेल, धावेल, आणि सांगितलेलं विसरेल. तिला बदकीण म्हणण्याआधी तेच एकदा परत सांगा, सावकाश. आणि तुम्हीच येत्स्के असाल, तर लाजू नका, ओरडून विचारा. मोठ्यांना एवढंच सांगेन की बाळ बरं होऊन घरी आलं म्हणून रुग्णालयाचं पुढचं बोलावणं टाळू नका. मूल वाढतं तशा त्याच्या गरजाही वाढतात, आणि त्या कोणाला तरी बघाव्या लागतात.

त्या दिवशी घरी जाताना येत्स्के सायकलवर पुढे आणि मार्लूस मागे होती. पुलावर फेनाने हाक मारली, “ए, होडीत येतेस? फुग्यांशिवाय?” येत्स्केने आईकडे पाहिलं. मार्लूस म्हणाली, “जा.” आणि काठावर उभी राहून होडी वळणापलीकडे जाईपर्यंत हात हलवत राहिली.